तांडेल बाई आणि सैल दोर

तांडेल बाईंचं माझ्याबद्दलचं पहिलं मत एका लोखंडी कपाटामुळे झालं आणि ते काही फारसं चांगलं नव्हतं. मी मराठीचा शिक्षक म्हणून त्या शाळेत रुजू झालो, नेमकं त्याच दिवशी हेडमास्तरांना ऑफिसातलं जुनं कपाट खिडकीपाशी नकोसं झालं. मी, पीटीचे सर आणि शिपाई अशा तिघांनी त्याला हात लावला. कपाट जुन्या उत्तरपत्रिकांनी गच्च भरलेलं. आम्ही आपले छातीच्या उंचीवर हात टेकून जीव खाऊन ढकलतोय आणि ते सरकायचं सोडून पुढं वाकतंय. तेवढ्यात एक ठेंगण्या, सावळ्या बाई आत आल्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि थोडा वेळ आमच्याकडे नुसतं पाहिलं.

"सरकवायचंय की पाडायचंय?" त्यांनी विचारलं.

मग शिपायाला गोणपाट भिजवून आणायला सांगितलं. कपाट एकेका बाजूनं उचलून ते पायांखाली सारलं आणि आम्हा तिघांना ओणवं करून अगदी तळाशी हात लावायला लावलं. सुटेपर्यंत जोर लावा, सुटलं की हात हलका करा, एवढीच सूचना. मी आणि शिपायानं हात हलका केला. पीटीच्या सरांना हलकं काही करायची सवय नव्हती. ते कपाटासकट भिंतीपर्यंत गेले आणि गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. बाई "सांगितलं होतं" म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या. माझं नाव विचारायचं त्यांना चौथ्या दिवशी सुचलं.

पुढं चौदा वर्षं स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती. मी नांदगावकडचा, भातशेती आणि काजूच्या घरातला. समुद्र म्हणजे मला आठवड्यातून दोनदा दारात येणारी मासेवाल्या बाईची पाटी, एवढाच माहीत. ही शाळा मालवणच्या किनाऱ्यावर, मागच्या कुंपणापलीकडे सुरूची झाडं, त्यापलीकडे रेती आणि मग पाणी. बाई तिथल्याच वाडीतल्या, होडी आणि रापण असलेल्या घरातल्या. त्या घरातून कॉलेजात गेलेल्या त्या पहिल्या आणि बरीच वर्षं एकट्याच. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही, कारण त्यांना कुठलाही प्रश्न विचारला की त्या आधी "कशावरून?" असं उलट विचारत आणि मग आपलंच आपल्याला काही सुचत नसे.

वर्गात विज्ञान शिकवताना त्या पुस्तकातली मराठी बोलत. बल, विस्थापन, जडत्व, घर्षण, सगळं स्वच्छ, ठसठशीत. मालवणी फक्त रागावल्यावर. त्यामुळे मुलांचं एक बरं होतं, बाईंच्या तोंडून पहिला "कित्याक", म्हणजे "का", आला की वर्ग आपोआप ताठ बसायचा. स्टाफरूममध्येही तसंच. मी एकदा निबंधाच्या वह्या तपासताना "काळाच्या वेगाला कोण थांबवणार" असं एका मुलाचं वाक्य त्यांना कौतुकानं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, वेग की चाल ते आधी विचारा त्याला, दिशा लिहिलेली नाही. माझा दुपारचा चहा त्या दिवशी कडू झाला.

माझ्या स्कूटरवर मागं बसायच्या त्यांच्या अटी होत्या. शाळेकडं येणाऱ्या वळणावर वाऱ्यानं उडून आलेली रेती पसरलेली असे. तिथं त्या "थांबवा" म्हणायच्या, उतरायच्या, वळण पायी चालून पलीकडं जायच्या आणि पुन्हा बसायच्या. लोक हसायचे. मला लाज वाटायची, बायकोशी भांडण झाल्यासारखं ते दिसायचं म्हणून. मी एकदा म्हटलं, बाई, मी हळू चालवतो ना. त्या म्हणाल्या, तुमच्याबद्दल तक्रार नाही, टायरला धरायला तिथं रस्ताच नाही. पुढच्याच पावसाळ्यात त्या वळणावर मी एकटाच आडवा झालो. गुडघ्याला पट्टी बांधून शाळेत गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खुर्चीसमोरचं स्टूल पाय ठेवायला सरकवलं.

कार्य या धड्याला त्या आईची गोष्ट सांगत. ती मी खिडकीतून इतक्या वेळा ऐकली आहे की मलाही परीक्षेला बसता येईल. आई मासळी विकायची. डोक्यावर पाटी घेऊन किनाऱ्यापासून बाजारापर्यंत रोज चालत जायची. बाई सावंतवाडीला कॉलेजात होत्या तेव्हा तिथं शिकल्या की ओझं डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यानं चाललं तर गुरुत्वाच्या विरुद्ध केलेलं कार्य शून्य. बल उभं आणि चालणं आडवं, म्हणून. सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी हे मोठ्या हौसेनं आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, पाटी उतरवली, मुलीच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "चल बाजारापर्यंत. थंय पावलंस की सांग माका शून्य."

"मी पोचले," बाई वर्गाला सांगत. "पण काही सांगितलं नाही. मान वळत नव्हती. तर परीक्षेत शून्य लिहा, ते बरोबर आहे. दमणं हे शरीराच्या आतलं वेगळं काम आहे, ते पुढं शिकाल. आणि घरी आईला हे वाक्य ऐकवू नका."

गतीच्या तिसऱ्या नियमासाठी त्या नववीला मागच्या दारानं किनाऱ्यावर न्यायच्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर माणसं दोन रांगांत उभी राहून ओढत आणतात. बाई मुलांना त्या रांगेत शिरवायच्या. मीही एकदा मागोमाग गेलो, माझा तास रिकामा होता म्हणून. बाईंनी विचारलं, कोण कोणाला ओढतंय. मुलं म्हणाली, आम्ही जाळ्याला. आणि जाळं? ते आम्हाला. मग तुम्ही समुद्रात का जात नाही? एका मुलीनं खाली पाहिलं आणि म्हणाली, बाई, आमचे पाय रेतीत रुतलेत, रेती आम्हाला मागं ढकलते. बाईंनी तिला शाबासकी वगैरे दिली नाही. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला मासळीच्या टोपलीचं ओलं प्लास्टिकचं झाकण दिलं आणि म्हणाल्या, यावर उभा राहून ओढ. तो झाकणासकट पाण्याच्या दिशेनं सरकू लागला. त्या वर्गातलं एकही पोर तो नियम पुढं विसरलं असेल असं मला वाटत नाही.

अडचण वेगळीच झाली. दोराला ज्यानं हात लावला त्याला मासळीतला वाटा, ही तिथली रीत. मुलांनी हात लावला होता. वाडीवाल्यांनी रीत मोडली नाही. चाळीस मुलं डब्यात, रुमालात, दोघंतिघं चक्क कंपासपेटीत पेडवे घेऊन पुढच्या तासाला बसली. पुढचा तास माझा होता. मी एक प्रेमळ, निसर्गावरची कविता शिकवत होतो आणि वर्गाला वास येत होता. हेडमास्तरांनी बाईंची टाचणवही मागवली. त्यात लिहिलं होतं, "शैक्षणिक साहित्य: रापण, दोर, रेती. उरलेलं साहित्य: पेडवे, विद्यार्थ्यांनी घरी नेले." हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं, वही मिटली आणि विचारलं, "सगळेच नेले?"

वाडीत बाईंना मान होता, पण तो शिकलेल्या बाईला दुरून द्यायचा तसला नव्हता. लोक येऊन विचारायचे. विहिरीचा दगड कसा उचलायचा, छपराचा वासा कुठं टेकवायचा, इंजिन होडीत किती मागं बसवायचं. सगळ्यात जास्त विचारायचा त्यांचा धाकटा भाऊ गजा. होडी त्याची. तो मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभा राहायचा, कमरेला पंचा, पायाला रेती, आणि "ताय" म्हणून एकच हाक मारायचा. बाई डबा तसाच ठेवून जायच्या. मग कुंपणावरून दोघांचं चालायचं. बरेचदा ते भांडणासारखं ऐकू यायचं. गजा सातवीत शाळा सोडलेला, पण होडीच्या बाबतीत त्याचा डोळा जबरदस्त होता. बाई मला म्हणायच्या, याला उत्तर आधी दिसतं आणि मला मागून काढावं लागतं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असे तो मुलांच्या निकालाच्या दिवशीही मी पाहिलेला नाही.

मग ट्रॅक्टरचं आलं. पावसाळ्याआधी होड्या रेतीवरून ओढून सुरूच्या झाडांपर्यंत वर आणाव्या लागतात. पूर्वी एका होडीला वीसपंचवीस माणसं मिळायची. आता तरणी मुलं कोणी गोव्यात, कोणी पर्यटकांना बोटीतून फिरवण्यात, ओढायला हात मिळेनात. वाडीनं ठरवलं, भाड्यानं ट्रॅक्टर आणायचा. गजा कुंपणाशी आला आणि विचारलं, आपला दोर ट्रॅक्टरला चालेल का.

बाईंनी दोन दिवस त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. प्रयोगशाळेतला ताणकाटा आणि कप्पी काढली, पीटीच्या सरांना दोर ओढायला लावून एक माणूस साधारण किती बलानं ओढतो ते मोजलं. त्याला माणसांच्या आकड्यानं गुणलं. होडी सुटायला लागणारं बल त्यातून मिळालं. दोराची ताकद त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. त्यांनी मला आकडे मोठ्यानं वाचायला लावले आणि स्वतः पुन्हा गुणाकार केला. एकदा नाही, तीनदा. मग त्या कुंपणाकडं गेल्या आणि गजाला म्हणाल्या, "चलात." म्हणजे चालेल.

ट्रॅक्टर आला तो रविवार होता. मीही बघायला गेलो होतो, चुकून नव्हे, गंमत म्हणून. ट्रॅक्टर आतल्या गावातला, चालवणारा नांगरणी करणारा. दोर होडीला बांधला, दुसरं टोक ट्रॅक्टरला. मध्ये तो रेतीवर नागमोडी पडलेला होता. भरती लागली होती आणि सगळ्यांना घाई होती. चालवणाऱ्यानं क्लच सोडला आणि ट्रॅक्टर पुढं उसळला. दोर एकदम ताणला गेला, आवाज झाला आणि तुटला. तुटलेलं टोक परत आलं ते सरळ गजाच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली. तो खाली बसला, जणू काही बांधायला बसावं तसा, आणि मग पाय कुठल्या दिशेला गेलाय ते आम्हाला दिसलं.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सळी घातली, गजा चालायला लागला. पण तो पाय पुन्हा पूर्ण वाकला नाही. डुलत्या होडीत उभं राहायला दोन्ही पाय लागतात. त्याची होडी दुसरे नेऊ लागले आणि तो सुरूच्या सावलीत जाळी विणत बसू लागला.

बाई आठ दिवसांनी शाळेत आल्या. तास संपल्यावर त्यांनी ती वही माझ्यासमोर उघडली. मी म्हटलं, बाई, मला यातलं कळत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला सांगते, तुम्हाला कळलं तर मला कळलंय असं समजेन. मग त्यांनी सांगितलं. आकडे सगळे बरोबर होते. पण ते ताणलेल्या दोराचे होते. दोर सैल असला तर ट्रॅक्टर आधी मोकळा धावतो, वेग घेतो आणि मग होडी त्याला एका झटक्यात अडवते. होडी जागची हललेली नसते, ट्रॅक्टर थांबायला तयार नसतो, आणि मधल्या दोरावर कितीतरी पट बल येतं.

"हे मला नववीपासून माहीत आहे सर," त्या म्हणाल्या. "दर वर्षी शिकवते. पण आमच्या वाडीत सैल दोर कोणी ओढतच नाही. माणसं आधी हातानं दोर गोळा करतात. तो रेतीवरून उचलला गेला, त्यातून पाणी ठिबकायला लागलं, की मग पुढचा माणूस हाक देतो आणि सगळे जोर लावतात. जन्मापासून तेच पाहिलं. दोर म्हणजे ताणलेलाच, असं डोक्यात बसलेलं. म्हणून मी ते लिहिलं नाही. लिहायला हवं हे मला दिसलंच नाही."

मला कळलं. मी तसं सांगितलं आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली.

त्या वर्षीपासून जडत्वाच्या धड्याला एक नवीन उदाहरण आलं. बाई फळ्यावर होडी काढायच्या, ट्रॅक्टर काढायच्या, मध्ये वळणं घेत पडलेला दोर काढायच्या आणि काय झालं ते पाठातलं उदाहरण सांगावं तसं सांगायच्या. मग विचारायच्या, चूक कोणाची. मुलं हटकून म्हणायची, ड्रायव्हरची. त्या ते उत्तर घेत नसत. ड्रायव्हरनं आयुष्यभर नांगर ओढलाय, होडी नाही, मी होड्यांत वाढले, चूक माझी, असं म्हणून त्या पुढच्या व्याख्येकडं वळत. आवाज हलत नसे. मी एकदा म्हटलं, दर वर्षी कशाला ते उगाळता. त्या म्हणाल्या, मी दुसऱ्यांच्या चुका कापते तर माझी फळ्यावर नको का.

वर्गात एवढ्या ठाम असलेल्या बाई वाडीत मात्र बदलल्या. पूर्वी त्या किनाऱ्याच्या वाटेनं घरी जायच्या, आता डांबरी रस्त्यानं जाऊ लागल्या. कोणी काही विचारलं की दुसऱ्या कोणाला विचार म्हणायच्या. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. गजा तर कुंपणापाशी पुन्हा आलाच नाही. तसं दोघांत भांडण काही नव्हतं. घर एकच, चूल एकच. आईचं औषध, गणपती, तांदूळ, सगळं बोलणं व्हायचं. होडीबद्दल आणि दोराबद्दल एक शब्द नाही. मधल्या सुट्टीत बाई डबा उघडायच्या तेव्हा त्यांची नजर खिडकीतून कुंपणाकडं जायची. हे मी पाच वर्षं पाहिलं आणि दर वेळी मला फार वाईट वाटलं.

एकदाच त्या बोलल्या. चहा पिताना, मध्येच, आणि मालवणीत, म्हणजे माझ्यावर रागावल्या की काय असं मला वाटलं.

"तो माझ्यावर रागावलो असतो तर बरां झालां असतां, सर. तो माका काय इचारीतच नाय."

मे महिन्यात वादळाचा इशारा आला ते माझं तिथलं शेवटचं वर्ष. आमच्याच संस्थेच्या नांदगावच्या शाळेत माझी बदली झाली होती, जूनपासून हजर व्हायचं होतं. सुट्टी होती, पण शाळा निवाऱ्यासाठी उघडली आणि आम्हा शिक्षकांना बोलावून घेतलं. सकाळपासून किनाऱ्याजवळच्या घरांतली माणसं चादरी, डबे, कोंबड्या घेऊन वर्गांत येत होती. मी आणि बाई व्हरांड्यात टेबल टाकून नावं लिहून घेत होतो. वारा वाढला होता, पाऊस अजून नव्हता. होड्या अजून पाण्याच्या काठाला होत्या, सात. दुपारपर्यंत वर काढल्या नाहीत तर गेल्या, असं सगळे म्हणत होते.

गजा शाळेच्या पायऱ्या चढून आला. एकेक पायरी, डावा पाय सरळ ठेवून. एवढ्या वर्षांत मी त्याला कुंपणाच्या आत पाहिलं नव्हतं.

"ताय, ट्रॅक्टर इलो," तो म्हणाला. "दोर नवो आसा. तू येतंस?"

बाईंनी वहीतून डोकं वर काढलं नाही. "माका नको इचारू रे. दुसऱ्या कोणाक इचार."

गजा हलला नाही. त्याची मुलगी त्या वर्षी नववीत होती. तो म्हणाला, पोरगी घरी येऊन सांगते, आत्या शाळेत पप्पांच्या पायाची गोष्ट सांगते आणि चूक स्वतःची म्हणते. दर वर्षी सांगते म्हणे.

"खरां ताच सांगतंय," बाई म्हणाल्या.

"अर्धां सांगतंस. दोर सैल होतो तो माका दिसलो होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तू चलात म्हटलं होतंस," गजा म्हणाला. "माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या वहीवर इश्वास ठेवलंय मी."

आजूबाजूला माणसं होती, पोरं रडत होती, कोणीतरी माझ्यासमोर उभं राहून घरातल्या माणसांची नावं सांगत होतं आणि मी काहीही लिहून घेत नव्हतो. पाच वर्षं मी समजत होतो की गजा मनात राग धरून गप्प आहे. बाई समजत होत्या की त्याचा आपल्यावरचा विश्वासच उडाला. तो लाजेनं गप्प होता. आपल्याला दिसलेलं आपण बोललो नाही आणि त्याचा दोष बहीण दर वर्षी चाळीस मुलांसमोर एकटी घेतेय, हे त्याला आत्ता कळलं होतं.

बाईंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"आणि आता कोणावर ठेवतलंस?" त्यांनी विचारलं.

"दोगांवर. म्हणान इलंय." मग तो म्हणाला, "सांग, ह्यो दोर चलात?"

"माका म्हायत नाय," बाई म्हणाल्या. "बघूक व्हया."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि उठल्या. जाताना मला म्हणाल्या, सर, नावं नीट लिहा, आणि दहा मिनिटं कोणाला तरी बसवून तुम्हीही या, माणसं कमी आहेत. मी पीटीच्या सरांना खुर्चीत बसवलं आणि मागोमाग गेलो.

किनाऱ्यावर रेती तोंडावर येत होती. बाईंनी नवा दोर हातात घेऊन वीतभर भाग वाकवून पाहिला, पीळ उलगडून पाहिला, पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत चालत गेल्या. गाठ होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी होती, ती सोडून पुन्हा बांधायला लावली. मग दोराच्या दोन्ही बाजूंची माणसं लांब, बाजूला उभी केली. मला हाताला धरून सरकवलं. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या, गोगलगायीएवढा चल आणि मी हात वर केला की थांब. ट्रॅक्टर हळूच पुढं गेला. दोर रेतीवरून उचलला गेला, सरळ झाला, त्याच्यातून पाणी ठिबकू लागलं. बाईंनी हात वर केला. ट्रॅक्टर थांबला.

भरतीचं पाणी होडीच्या मागच्या भागाला लागत होतं आणि सगळे बाईंकडं बघत होते. बाई गजाकडं वळल्या.

"तुका काय दिसता?"

गजानं दोराच्या रेषेत डोळा लावून पाहिलं. ट्रॅक्टरपासून होडीपर्यंत, सावकाश. "सैल नाय," तो म्हणाला.

"मगे सांग तेका."

गजानं ट्रॅक्टरवाल्याला हात केला. इंजिनाचा आवाज चढला, दोर करकरला आणि थोडा वेळ काहीच झालं नाही. मग होडी रेतीतून सुटली आणि न थांबता सुरूच्या झाडांपर्यंत गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वेळच नव्हता. दोर सोडून माणसं पुढच्या होडीकडं पळाली.

मला शाळेत परत जायला हवं होतं. वादळ ओसरल्यावर रस्ते उघडायला चार दिवस गेले, तोवर मी शाळेतल्या निवाऱ्यात आणि बाई वाडीत, मग मी सामान घेऊन नांदगावला गेलो. नंतर बाईंशी फोनवर बोलणं झालं, भेट झाली नाही. त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सुरूच्या झाडांतून मागं वळून. दुसऱ्या होडीपाशी दोघं उभी होती, मध्ये दोर, पाण्यानं पाय भिजलेले. वाऱ्यामुळं ऐकू काही येत नव्हतं. गजानं काहीतरी विचारलं. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं.